वाचकांचे प्रश्न : मेंदूत प्रथिन साचते म्हणजे काय होते?

गेल्या अंकात स्मृतिभ्रंशावरील एका पत्राला उत्तर देताना ‘या आजारात मेंदूत विशिष्ट प्रथिने साचत जातात’ असे एक वाक्य मी लिहिले होते आणि त्याचा खुलासा न करता पुढे गेलो होतो. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे पाहिली, तेव्हा ते तसे सोडून देणे बरोबर नव्हते हे लक्षात आले. काही घरांत त्यातून निष्कारण भीती निर्माण झाली होती आणि एका घरात तर रुग्णाच्या आहारातच कपात झाली होती. म्हणून या वेळचे सगळे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्या आईला अल्झायमर झाल्याचे निदान झाले आहे. मेंदूत प्रथिन साचल्याचे कळल्यापासून घरातील मोठ्या मंडळींनी तिच्या ताटातील प्रथिनयुक्त पदार्थ जवळजवळ बंद केले आहेत. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. हे पत्र सर्वांत आधी घेतले आहे, कारण आईंचा आहार आजच पूर्ववत करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण खातो ते प्रथिन जसेच्या तसे मेंदूत जात नाही. पचनसंस्थेत त्याचे अमिनो आम्लांमध्ये विघटन होते आणि त्या सुट्या घटकांपासून प्रत्येक पेशी तिच्या जनुकांत लिहिलेल्या क्रमानुसार स्वतःची प्रथिने नव्याने बांधते. आहारातील प्रथिन कमी केल्याने मेंदूतील साठा तसूभरही घटत नाही. उलट उतारवयात स्नायू झिजतात, अल्झायमरच्या रुग्णांचे वजन अनेकदा आपोआप उतरते, आणि प्रथिन कमी पडले तर अशक्तपणा व पडझड यांचा धोका वाढतो.

अल्झायमरमध्ये जे साचते, त्याला अमायलॉइड बीटा म्हणतात. चेतापेशीच्या पटलात एक लांब प्रथिन आरपार बसलेले असते. दोन विकरे (एन्झाइम) त्याला दोन ठिकाणी कापतात आणि मधला ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा तुकडा मोकळा होतो. ४२ चा तुकडा अधिक चिकट असतो व तोच आधी गोळा होऊ लागतो. हा तुकडा तुमच्या-माझ्या मेंदूत आयुष्यभर तयार होत असतो आणि त्याचा निचराही होत असतो. आजार सुरू होतो तो ही निर्मिती आणि निचरा यांचा मेळ अनेक वर्षे थोडाथोडा बिघडत गेल्यावर.

जाता जाता एक खुलासा करतो, कारण यातूनच गैरसमज झालेला असू शकतो. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपा हे औषध जेवणाच्या काही वेळ आधी घ्यायला सांगतात, कारण आहारातील अमिनो आम्ले आणि हे औषध आतड्यातून शोषले जाताना एकमेकांशी स्पर्धा करतात. तो प्रश्न औषधाच्या शोषणाचा आहे, प्रथिन साचण्याचा नाही, आणि तेथेही प्रथिन बंद करायचे नसून फक्त वेळ सांभाळायची असते.

प्रश्न : मी विज्ञान शिकवते. प्रथिनाची घडी बिघडते असे वाचले, परंतु घडी बिघडलेले प्रथिन नष्ट होण्याऐवजी साचत का जाते? आणि मूळ बिघाड एकाच प्रकारचा असेल, तर आजार इतके निरनिराळे का?

उत्तर : प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती बांधून झाल्यावर एका ठरावीक आकारात दुमडली जाते आणि त्या आकारावरच तिचे काम अवलंबून असते. दुमडण्याची सूचना माळेतील क्रमातच असते, हे ख्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकरावरील प्रयोगांतून दाखवले व त्यासाठी त्यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षानळीतील विरळ द्रावणात हे सुरळीत घडते, पण पेशीच्या आत प्रचंड दाटी असते. माळ अर्धवट दुमडलेली असताना तिचे चिकट भाग उघडे असतात आणि ते शेजारच्या माळेला चिकटू शकतात. म्हणून पेशीने पहारा ठेवलेला आहे. शॅपरोन नावाची प्रथिने दुमडण्याला मदत करतात, जे सुधारत नाही त्याला खूण करून प्रोटिआसोम नावाच्या यंत्रणेत त्याचे तुकडे केले जातात, आणि मोठे गोळे पेशी एका पिशवीत गुंडाळून आतल्या आत पचवते. या शेवटच्या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. तिच्या उलगड्यासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळाले.

या पहाऱ्यातून निसटलेल्या काही माळा एका विलक्षण स्थिर रचनेत जाऊन बसतात. त्या सपाट पट्ट्या होऊन एकीवर एक रचल्या जातात, दोन थरांतील अंतर अर्ध्या नॅनोमीटरहूनही थोडे कमी असते, आणि ही चवड वाढत वाढत तिचा लांब तंतू होतो. त्याचे टोक म्हणजे तयार साचाच असतो. नव्याने आलेली माळ त्या टोकाला लागली की तीही तोच आकार घेते. संपृक्त द्रावण तासन्‌तास स्वच्छ राहते आणि त्यात स्फटिकाचा एक कण टाकताच झपाट्याने स्फटिक वाढू लागतात, हा प्रयोग आपण वर्गात करून दाखवत असाल. येथेही तसेच होते. पहिले बीज तयार व्हायला फार वेळ लागतो, त्यानंतरची वाढ भराभर होते. तंतूची वीण इतकी घट्ट असते की पेशीची विघटनयंत्रणा त्यात शिरू शकत नाही, आणि साचण्याचे मूळ कारण हेच आहे. त्यात चेतापेशीची अडचण अशी की ती विभागत नाही. विभागणाऱ्या पेशींमध्ये असा कचरा विभागणीतून होणाऱ्या दोन नव्या पेशींत वाटला जाऊन विरळ होतो, चेतापेशीला तो ऐंशी वर्षे जवळ बाळगावा लागतो, आणि नेमक्या याच काळात तिची सफाईयंत्रणा वयोमानाने मंदावत असते.

अशा तंतूंना ‘अमायलॉइड’ म्हणतात, आणि हे नाव चुकीतून पडले आहे. रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८५४ मध्ये मेंदूतील काही कण आयोडीनने रंगतात असे पाहिले व ते स्टार्चसारखे आहेत असे समजून हे नाव दिले. पाचच वर्षांत अशा साठ्यांत भरपूर नायट्रोजन असल्याचे, म्हणजे ते प्रथिन असल्याचे सिद्ध झाले, परंतु नाव काही बदलले नाही. विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे.

आता आजारांच्या वैविध्याविषयी. बिघाडाची रीत समान असली तरी बिघडणारे प्रथिन वेगळे, बिघाड होणाऱ्या पेशी वेगळ्या आणि मेंदूचा भागही वेगळा असतो. कंपवातात अल्फा-सिन्यूक्लिन हे १४० अमिनो आम्लांचे प्रथिन पेशीच्या आत गोळे करते. हे गोळे फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ मध्येच वर्णिले होते, पण ते कशाचे आहेत हे समजायला १९९७ साल उजाडले. अॅमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजारात जवळजवळ सर्व रुग्णांमध्ये टीडीपी-४३ हे प्रथिन पेशीकेंद्रातील आपली जागा सोडून बाहेर गोळा होते. ही ओळख २००६ ची. हंटिंग्टनच्या आनुवंशिक आजारात जनुकातील तीन अक्षरांचा एक शब्द गरजेपेक्षा अधिक वेळा लिहिलेला असतो आणि त्यामुळे त्या जनुकाचे प्रथिन साचते. तो ४० किंवा त्याहून अधिक वेळा आला, तर सामान्य आयुर्मान लाभलेल्या व्यक्तीला आजार होतोच, आणि आवृत्त्या जितक्या जास्त तितका तो लवकर होतो. साचण्याच्या आजारांचे गणित इतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसते.

सर्वांत थक्क करणारी गोष्ट टाऊ या प्रथिनाची आहे. टाऊ हे चेतापेशीच्या लांब शेपटातील वाहतुकीचे रूळ सांभाळणारे प्रथिन. अल्झायमरमध्ये ते रुळांपासून सुटते आणि पेशीत त्याचे गुंते होतात. २०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मृत रुग्णाच्या मेंदूतून काढलेल्या टाऊच्या तंतूंची अणूंच्या पातळीवरची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिली. त्यानंतरच्या काही वर्षांत पिक (स्मृतिभ्रंशाचा एक दुर्मीळ प्रकार) आणि टाऊ साचणाऱ्या इतर आजारांतील तंतूही तपासले गेले, आणि प्रथिन तेच असूनही अनेक आजारांत त्याची घडी निराळी असल्याचे आढळले. एकाच कापडाला निरनिराळ्या घड्या पडाव्यात आणि घडीनुसार आजार वेगळा असावा, असे हे आहे. माझ्या मते या क्षेत्रातील गेल्या काही दशकांतील हा सर्वांत सुंदर शोध आहे.

प्रश्न : वडिलांना कंपवात आहे. बिघडलेले प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला बिघडवते असे वाचल्यापासून पत्नीला मुलांची काळजी वाटते. हा आजार सहवासाने पसरतो का?

उत्तर : पसरत नाही. एकाच ताटात जेवण्याने, शुश्रूषेने, नातवंडांना जवळ घेण्याने कंपवात किंवा अल्झायमर झाल्याचा कोणताही पुरावा नाही. कृपा करून आजोबा आणि नातवंडे यांच्यात अंतर पाडू नका.

ही शंका कोठून येते ते मात्र समजून घेण्यासारखे आहे. बिघडलेल्या प्रथिनाने पसरणारे आजार खरोखर आहेत, फक्त ते दुर्मीळ आहेत. पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये मृत नातलगांचे अवशेष खाण्याची अंत्यविधीतील प्रथा होती आणि तिच्यातून कुरू नावाचा आजार पसरला. प्रथा बंद झाल्यावर नवे संक्रमण थांबले, तरी काही जणांत आजार पन्नासहून अधिक वर्षांनी प्रकट झाला. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये अशा संसर्गजन्य प्रथिनाला ‘प्रायॉन’ हे नाव दिले. केवळ प्रथिन संसर्ग कसा करील, म्हणून त्यांना प्रखर विरोध झाला; १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पूर्वी मृत व्यक्तींच्या पीयूषिका ग्रंथींतून काढलेले वाढीचे संप्रेरक मुलांना टोचले जाई. त्यातून काहींना प्रायॉनचा आजार झाला आणि १९८५ मध्ये ते बंद करण्यात आले. त्यांपैकी मोजक्या व्यक्तींमध्ये अमायलॉइड बीटाही त्या मार्गाने पोहोचले असावे आणि पुढे अल्झायमरसारखा आजार झाला असावा, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी दूषित द्रव्य वर्षानुवर्षे थेट शरीरात टोचले जावे लागले होते, हे विसरू नये. रोजच्या सहवासाशी याचा संबंध नाही.

एकाच मेंदूच्या आत मात्र बिघाड पेशीकडून पेशीकडे सरकतो असे दिसते. कंपवाताच्या काही रुग्णांच्या मेंदूत भ्रूणातील चेतापेशी बसवण्यात आल्या होत्या. दहा-पंधरा वर्षांनी त्या रुग्णांच्या मृत्यूनंतर पाहिले असता, त्या तरुण पेशींतही लेवी यांनी वर्णिलेले गोळे आढळले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. संक्रमण म्हणायचे तर ते एवढेच, एका कवटीच्या आतले.

प्रश्न : साचलेले प्रथिन हे आजाराचे कारण की परिणाम? आग विझल्यावर उरलेल्या राखेलाच आपण आग समजत नाही ना?

उत्तर : राखेची ही उपमा संशोधकांच्या वादातही फिरत असते आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मृत्यूनंतर मेंदूची तपासणी केलेल्या, अखेरपर्यंत स्मृती शाबूत असलेल्या वृद्धांपैकी बऱ्याच जणांच्या मेंदूत अमायलॉइडचे ठिपके, म्हणजे पेशींबाहेर साचलेले अमायलॉइड बीटाचे गोळे, भरपूर सापडतात. ठिपक्यांची संख्या आणि विसराळूपणाची तीव्रता यांचा मेळ नीट बसत नाही. टाऊच्या गुंत्यांचा बसतो. ते मेंदूच्या ज्या भागात पसरतात, त्या भागाचे काम ढासळते.

तरीही अमायलॉइडला निव्वळ राख म्हणता येत नाही, आणि याचे पुरावे जनुकांनी दिले आहेत. अमायलॉइडच्या मूळ प्रथिनाचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असते. डाउन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राची तिसरी प्रत असते, आणि चाळिशीपर्यंत अशा जवळजवळ सर्व व्यक्तींच्या मेंदूत ठिपके दिसू लागतात. एका स्त्रीमध्ये या गुणसूत्राचा केवळ काही भाग जादा होता व हे जनुक त्यात नव्हते. ती सत्तरी ओलांडून जगली, परंतु तिच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा आढळल्या नाहीत. उलट बाजूने पाहिले तर आइसलँडमधील काही लोकांमध्ये याच जनुकात एक दुर्मीळ बदल असतो, ज्यामुळे तुकडा कमी प्रमाणात कापला जातो. त्यांना अल्झायमरपासून संरक्षण मिळते, असे २०१२ मध्ये दाखवण्यात आले. निर्मिती वाढली की आजार आणि घटली की संरक्षण, हे केवळ राखेच्या बाबतीत घडणार नाही.

मग प्रकरण मिटले का? कोलंबियातील एका स्त्रीचा वृत्तांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या मोठ्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चाळिशीच्या मध्यावर स्मृती ढासळवणारा जनुकीय दोष होता आणि तो तिच्यातही होता. तिच्या मेंदूत अमायलॉइड अतोनात साचलेले होते. तरीही सत्तरीपर्यंत तिची स्मृती टिकली. तिच्या एपीओई या दुसऱ्या जनुकात एक विरळा बदल होता आणि तिच्या मेंदूतील टाऊचा प्रसार मर्यादित राहिला होता. मला स्वतःला ही एक हकीगत अनेक मोठ्या अभ्यासांइतकी बोलकी वाटते. अमायलॉइड साचल्याने घसरण सुरू होत असावी, पण ती पुढे चालू राहण्यासाठी टाऊ, मेंदूतील दाह आणि पेशींची सहनशक्ती यांचा हात लागतो, असे आज मानणे सयुक्तिक आहे. शिवाय सूक्ष्मदर्शकातून दिसणारे मोठे ठिपके हेच सर्वांत घातक असतील असेही नाही. ते होण्यापूर्वीचे काही मोजक्या रेणूंचे लहान, विरघळलेले समूह दोन चेतापेशींमधील संपर्कस्थानांना अधिक इजा करतात, असे प्रयोगशाळेतील बरेच काम सुचवते.

प्रश्न : अमायलॉइड काढून टाकणारी औषधे आली आहेत, तर मग रुग्ण बरे का होत नाहीत?

उत्तर : लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब ही प्रतिपिंडे आहेत. अमेरिकेत पहिल्याला जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली व दुसऱ्याला जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ती अमायलॉइड खरोखर काढतात. लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत १७९५ रुग्ण होते. दीड वर्षाच्या अखेरीस औषध घेणाऱ्यांची घसरण इतरांपेक्षा २७ टक्क्यांनी कमी होती. १८ गुणांच्या मापनपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी भरतो. घसरण थांबली नाही, मंदावली. साधारण आठांतील एका रुग्णाच्या मेंदूत सूज दिसली. बहुतेकांना तिचा त्रास जाणवला नाही, पण काहींना गंभीर रक्तस्राव होऊ शकतो, आणि एपीओई-४ या जनुकप्रकाराच्या दोन प्रती असणाऱ्यांमध्ये सुजेचा धोका बराच जास्त असतो.

हे यश लहान आहे, पण ते खोटे नाही. लक्षणे दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे अमायलॉइड साचत आलेले असते, आणि तोवर मेलेल्या पेशी औषधाने परत येत नाहीत. ही औषधे केवळ आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत. पुढच्या टप्प्यातील रुग्णाच्या नातलगांनी ‘आपण उशीर केला’ म्हणून स्वतःला दोष देऊ नये.

प्रश्न : माझे वय ४५ आहे, स्मृती उत्तम आहे. आजीला अल्झायमर होता. रक्ततपासणी करून घ्यावी का?

उत्तर : लक्षणे नसताना करू नये असे माझे मत आहे. फॉस्फेट जोडलेल्या टाऊचे रक्तातील प्रमाण मोजणाऱ्या चाचण्या आता चांगल्या आहेत, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या चाचणीला परवानगीही मिळाली. ती स्मृतीची तक्रार असलेल्या, तज्ज्ञांकडे आलेल्या व्यक्तींसाठी आहे. अहवालात दोष दिसला तरी त्या व्यक्तीला आजार होईलच असे सांगता येत नाही, हे वरच्या उत्तरावरून लक्षात येईल. उच्च रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणे, धूम्रपान, बैठे जीवन, डोक्याला होणाऱ्या इजा यांकडे मात्र आजपासून पाहता येते. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने असे बदलता येण्याजोगे १४ घटक मोजले आणि स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के प्रकरणांचा संबंध त्यांच्याशी जोडला. घरात कोणाला पन्नाशीपूर्वीच आजार झाला असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा आधी जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : सासऱ्यांना लेवी बॉडी स्मृतिभ्रंश आहे. सकाळी ते आम्हां सर्वांना ओळखतात, गप्पा मारतात, आणि संध्याकाळी अनोळखी असल्यासारखे पाहतात. साचलेले प्रथिन सकाळी कमी होते का?

उत्तर : नाही. या आजारात कंपवातातलेच लेवी यांचे गोळे मेंदूत साचतात. हा साठा तासातासाला बदलत नाही; तो वर्षांच्या गतीने वाढतो. बदलते ते उरलेल्या पेशींचे परस्परांतील दळणवळण. या आजारात जागरूकता आणि लक्ष यांचे जाळे फार लवकर कमजोर होते, त्यामुळे शुद्धीचे असे चढउतार हे त्याचे ओळखीचे लक्षणच आहे. सकाळचे सासरे खरे आणि संध्याकाळचे आजाराने बदललेले, असे कृपया मानू नका. दोन्ही वेळा तेच असतात. संध्याकाळी खोलीत भरपूर उजेड ठेवावा, माणसांची गर्दी कमी करावी, आणि ‘ओळखलंत का मला?’ असे विचारण्याऐवजी आपणच आपले नाव व नाते सांगून बोलायला सुरुवात करावी.

दोन गोष्टींची मात्र दक्षता घ्यावी. नेहमीच्या चढउतारापेक्षा एक-दोन दिवसांत अचानक मोठा बिघाड झाला, तर तो साचण्यामुळे नसतो. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा नुकतेच सुरू केलेले औषध यांचा शोध घ्यावा, कारण ही कारणे दूर करता येतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या आजारात नसलेली माणसे किंवा प्राणी दिसू लागतात आणि अशा वेळी रुग्णाला शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले गेले, तर अंग ताठरणे, शुद्ध हरपणे, प्रसंगी जिवावर बेतणे इतकी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. अपघातविभागातील नव्या डॉक्टरांना निदान ठाऊक असतेच असे नाही. म्हणून ‘लेवी बॉडी स्मृतिभ्रंश; हॅलोपेरिडॉल देऊ नये’ ही ओळ सासऱ्यांच्या औषधांच्या यादीत सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहावी आणि तिची एक प्रत त्यांच्या खिशात कायम ठेवावी.